चमच्याची चाल

आमच्या गॅरेजमधल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत दोनशे अकरा चमचे आहेत. हा आकडा माझा नाही, बायकोचा. एका रविवारी तिने ते सगळे मोजले आणि आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. खाली एक शब्दही नाही. घरात जेवायचे चमचे अठरा.

गॅरेजमधले चमचे जेवायचे नव्हेत. दोन-अडीच इंचांचा पानासारखा पातळ पत्रा, मध्ये जरासा खोलगट, एका टोकाला बारीक कडी आणि दुसऱ्या टोकाला तीन काट्यांचा गळ. एका अंगाला तांब्याचा किंवा चांदीचा चकचकीत मुलामा, दुसऱ्या अंगाला रंग. दांडा नाही, पण जेवायच्या चमच्याशी नातं मात्र सख्खं. गोष्ट अशी सांगतात की व्हरमाँटमधला ज्युलिओ ब्यूल नावाचा माणूस तळ्यात होडीवर बसून जेवत होता. हातातला चमचा निसटला, हेलकावे खात खाली जायला लागला आणि एका ट्राउटने त्याच्यावर झडप घातली. घरी जाऊन त्याने एका चमच्याचा दांडा कापला, भोक पाडलं, गळ लावला. जेवणाचा भाग मला धंद्यासाठी रचल्यासारखा वाटतो, पण पेटंट पक्कं आहे, १८५२ सालचं.

रंगांची नावं ज्याने ठेवली त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. पांढऱ्यावर रंगीत ठिपके असलेला तो ‘वंडरब्रेड’, पावाच्या पुडक्यावरून. हिरवट तो ‘अँटिफ्रीझ’. एक ‘ब्लूबेरी मफिन’. आणि एक, ज्याच्यावर आमच्या भागात अनेकांची श्रद्धा आहे, तो ‘मंकी प्यूक’. माकडाची ओकारी. पहाटे पाच वाजता धक्क्यावर दोन पोक्त माणसं अत्यंत गंभीर चेहऱ्याने एकमेकांना विचारतात, काल ओकारीवर लागले का?

मी लोरेनला राहतो, ओहायोत, ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे तळं म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर आधी रंकाळा येतो. ईरीची लांबी ३८८ किलोमीटर. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाताना जेवढं अंतर तोडतो, साधारण तेवढं सगळं पाणीच पाणी. रुंदी जास्तीत जास्त ९२. समोर कॅनडा आहे, पण तो दिसत नाही. नकाशाच्या पडद्यावर सरोवराच्या मधोमध सरहद्दीची रेघ तेवढी दिसते. मात्र एवढं पसरलेलं पाणी खोलीला अगदीच बेताचं. पाच महासरोवरांतलं हे सगळ्यांत उथळ, सरासरी १९ मीटर, आणि पश्चिमेच्या टोकाला तर सात-साडेसात. परातीत पाणी भरून ती उचलून चालायला लागलं की पाणी जसं एका काठावरून दुसऱ्या काठावर आदळतं, तसं ईरीचं आहे. पश्चिमेचा वारा जोरात सुटला की पाणी खरोखरच पूर्व टोकाच्या बफेलोच्या बाजूला चढतं आणि पश्चिम टोकाच्या टोलेडोच्या बाजूचं उतरतं. लाटा समुद्रासारख्या लांब, गोल येत नाहीत. आखूड, उभ्या, एकीच्या पाठीला पाठ लावून येतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी दातखीळ बसवतं.

या परातीत वॉलाय राहतो.

सोनेरी-हिरवट, लांबट, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग, पाठीवर काट्यांचा पंखा. हात घालताना जपावं लागतं, कारण कल्ल्याची कडही धारदार असते. पण त्याची खरी ओळख डोळा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला मांजरीसारखा चकाकणारा थर असतो, त्यामुळे अंधारात टॉर्च मारली की डोळे काचेच्या गोट्यांसारखे पेटतात. शास्त्रीय नावात, सँडर व्हिट्रिअसमध्ये, काच आहे ती यामुळेच. जिथे इतर माशांना धड दिसत नाही तिथे याला दिसतं; म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, जरा खवळलेलं पाणी हे त्याचे. हात-दीड हाताच्या लाटा असल्या की इथले लोक खूश होऊन म्हणतात, आज मस्त ‘वॉलाय चॉप’ आहे. मला अशा वेळी ओकारीचा दुसरा अर्थ आठवतो.

मार्च-एप्रिलमध्ये हे मासे पश्चिमेकडच्या खडकाळ उथळ जागांवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतात. पाणी तापायला लागलं की पूर्वेला निघतात, आणि सगळ्यांत लांब जातात त्या मोठ्या माद्या. जून-जुलैत त्यांचा पुढचा मेळा आमच्या समोरून जातो. म्हणजे बरोब्बर आषाढात. वारीच्या वाटेवर जसं फलटण, तसं वॉलायच्या वाटेवर लोरेन, असं मी एकदा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत म्हणालो होतो. एका काकांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं.

तर हे मासे वाटेत कुठेही, कितीही खोलीवर असतात. तळाशी नव्हे, मध्येच, लोंबकळल्यासारखे. उन्हाळ्याच्या शेवटी मधल्या भागात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो, तेव्हा तर त्यांना वर राहण्यावाचून गत्यंतरच नसतं. एका जागी बसून गळ टाकणाऱ्याने काय करावं? शेतात अंगठी हरवली तर माणूस एका जागी उभा राहून शोधत नाही, तासातासाने फिरतो. तसंच इथे बोट फिरवायची आणि चमचे मागे ओढत न्यायचे. याला ट्रोलिंग म्हणतात. इंटरनेटवरचा तो कुप्रसिद्ध शब्दही या पाण्यातूनच तिकडे गेला: काहीतरी चमकदार मागे सोडत हळूहळू पुढे जायचं आणि कोण चावतं ते बघायचं. आणि आपल्याकडे चमचे ज्यांना म्हणतात तेही मागे मागेच येतात, पण तो विनोद इथे कोणाला सांगू?

मला हे सगळं शिकवलं आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने. पोलाद कारखान्यातून निवृत्त, वय पंच्याहत्तरच्या पुढे, गल्लीत सगळे त्यांना कॅप म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या बोटीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरून तयारी केल्यासारखे खूप प्रश्न विचारले. मी कारखान्यात क्वालिटीला आहे. आकडा मिळाला की माझा जीव भांड्यात पडतो. कॅपनी आकडे दिलेही. बोटीच्या दोन्ही कडांना रॉड अडकवलेले, प्रत्येक रीळावर किती फूट तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बाहेर गेलं ते दाखवणारा छोटा मीटर. तंगुसाला डिप्सी, म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची तबकडी, जी ओढली की पाण्यात खाली बुडी मारते. तबकडीच्या तळाला एक चकती, तिच्यावर शून्य ते तीन. शून्यावर ठेवलं तर तबकडी बोटीच्या मागे सरळ खाली जाते. आकडा वाढवला तशी ती बाजूला, बोटीपासून दूर सरकते आणि थोडी वर राहते. म्हणून कडेच्या रॉडला तीन, आतल्याला एक, म्हणजे दोघींचा गुंता होत नाही. तबकडीच्या मागे सहा-सात फूट तंगूस आणि त्याच्या टोकाला आपला चमचा. मोठं इंजिन बंद, छोटं ९.९ हॉर्सपॉवरचं ‘किकर’ चालू. एकदा मासा लागला की ओरडून सांगायचं ते असं: ‘नव्वदवर, तीनला, ओकारी!’ पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या रॉडांवर ओकारी चढते.

एका रॉडवर शिशाची तार विणलेली जाड दोरी होती. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो आणि माणसं फूट न सांगता ‘पाच कलर सोडले’ असं सांगतात. शिशाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: २०२२ च्या सप्टेंबरात क्लीव्हलंडला वॉलायच्या एका स्पर्धेत जिंकणाऱ्या जोडीच्या माशांची पोटं फाडली, तर आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे काप निघाले. खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगातही गेले. कॅपचा संताप मासे फुगवल्याबद्दल नव्हताच. ते म्हणाले, ‘गाढवांनो, शिसं तर मासा खोल शोधायला असतं.’

आकडे मिळाले तरी मला काही जमलं नाही. दुसऱ्या वर्षी मी एक जुनी एकोणीस फुटी बोट घेतली (फ्रिजवरचा पहिला कागद तेव्हाचा). जिथे सगळ्यांच्या बोटी, तिथेच माझी. जे रंग ते लावत, तेच मी. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर माशांच्या कमानी दिसायच्या. आणि वेग काटेकोर, ताशी दोन पॉइंट तीन मैल. हा वेग किती, तर जेवणानंतर शतपावलीला निघालेल्या माणसाचा. गांडूळ लावून ओढायचं तर याच्या निम्म्याने जायचं, लाकडी-प्लॅस्टिकचे मासे ओढायचे तर थोडं जास्त. चमच्याला उन्हाळ्यात दोन ते पावणेतीन लागतात. त्याहून हळू गेलात तर तो पत्र्याचा तुकडा होऊन लोळत येतो. फार जोरात गेलात तर पंख्यासारखा गरगरतो आणि तंगुसाला पीळ घालतो. मधल्या कुठल्यातरी वेगाला मात्र तो या कुशीवरून त्या कुशीवर लडबडतो, थांबतो, पुन्हा कलंडतो, एखाद्या जखमी माशासारखा. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. चार रविवार गेलो, चारही रविवार रिकाम्या हाताने आलो. बाजूच्या बोटीवर जाळी वर-खाली होताना बघणं हा प्रकार, पंगतीत बसून आपल्या पानापर्यंत वाढपी न पोचण्यासारखा आहे.

पाचव्या रविवारी कॅप माझ्या बोटीत आले. आल्यापासून काही बोलले नाहीत. कॉफी प्यायले. तंगूस पाण्यात शिरतं तिथला कोन बघत राहिले. मग विचारलं, ‘वेग किती?’

‘दोन पॉइंट तीन.’

‘कुणी सांगितलं?’

‘जीपीएस.’

‘जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. मासा पाण्यात राहतो.’

मला हे पटायला अर्धा दिवस लागला, आणि मी इंजिनिअर आहे. खाली पाणी स्वतःच चाललेलं असतं. तीस-चाळीस फुटांवरचा प्रवाह वरच्या लाटेला विचारून वाहत नाही. प्रवाहाच्या दिशेने दोन पॉइंट तीनने गेलो तर चमच्याला लागतात जेमतेम पावणेदोन, तो मेल्यासारखा लोंबतो. उलट फिरून तोच दोन पॉइंट तीन धरला तर चमच्याला तीनच्या आसपास लागतात, तो उधळतो. पडद्यावरचा आकडा दोन्हीकडे तोच, आणि मी तो दोन्हीकडे अगदी प्रामाणिकपणे सांभाळत होतो.

मग कॅपनी सुकाणू हातात घेतलं आणि बोट अगदी हळू, लांब वळणाने डावीकडे न्यायला सुरुवात केली. पुन्हा उजवीकडे. सापासारखी. मला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला. उजवीकडच्या सर्वांत बाहेरच्या रॉडचं टोक एकदा वाकलं, सावरलं, पुन्हा वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. कॅप म्हणाले, ‘बाहेरच्याने घेतला. वाढव.’

याच्यातली गंमत अशी. बोट डावीकडे वळते तेव्हा उजव्या बाजूचे चमचे मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांचा वेग वाढतो आणि ते किंचित वर येतात. डाव्या बाजूचे आतल्या वर्तुळात पडतात, मंदावतात, खाली बसतात. बैलगाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, तसंच. वळणावर बाहेरच्या चमच्याला मासा लागला तर माशांना वेग हवाय. आतल्याला लागला तर हळू हवंय. सरळ रेषेत दिवसभर गेलात तर काहीच कळणार नाही. मी किकर थोडा वाढवला. पडद्यावर दोन पॉइंट सात आले, माझ्या हिशोबाने चुकीचे. पुढच्या तासात चार मासे आले.

वॉलाय लागतो तेव्हा फार गाजावाजा नसतो, हेही सांगायला हवं. सिनेमातल्यासारखं रीळ किंचाळत नाही. रॉडचं टोक मान हलवल्यासारखं दोनदा हलतं, आणि लहान मासा असेल तर तेवढंही नाही. तो मुकाट्याने डिप्सीमागे मैलभर ओढत येतो. ओढून घेताना भिजलेली गोणी वर काढतोय असं वाटतं, मध्येच गोणी डोकं झटकते. खरा जोर बोटीजवळ आल्यावर, उजेड बघितल्यावर. त्या वेळी जाळं डोक्याकडून घालायचं. शेपटीकडून घालायला गेलात तर मासा एकदा पुढे पळतो आणि पुन्हा भेटत नाही.

तेव्हापासून मी सरळ जात नाही. पण एक गोष्ट राहून गेली होती. चमचा सोडण्याआधी तो बोटीच्या कडेला, पाण्यात वीतभर खाली धरून चालवून बघायचा असतो. दहा-बारा सेकंद. नीट लडबडतोय ना, गळात शेवाळ नाही ना. मग तंगूस सोडायचं. चमचा दोनदा लुकलुकतो, हिरव्या पाण्यात मागे जातो आणि दिसेनासा होतो. त्यानंतर तो काय करतो ते मी कधीच पाहिलेलं नाही. दोनशे अकरा चमचे, आठ उन्हाळे, आणि माझ्या सगळ्या हुशारीचा विषय मी एकूण अर्धा तासही डोळ्यांनी पाहिलेला नसेल. रीळाचा मीटर, चकतीचा आकडा, पाण्याचं तापमान, वेग, सगळ्याची नोंद माझ्या वहीत आहे. वही बोटीबद्दल आहे. चमच्याबद्दल त्यात अक्षर नाही.

या पाण्याला लोकांनी एकदा मेलेलं म्हणून सोडून दिलं होतं, हे कॅपकडून ऐकताना वेगळं वाटतं, कारण ते तेव्हा इथेच होते. १९६९ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडची कायहोगा नदी पेटली. नदीच्या पाण्यावर इतकं तेल तरंगत होतं की ठिणगी पुरली, आणि ती काही पहिली वेळ नव्हती. पुढच्या वर्षी माशांत पारा सापडला आणि वॉलाय पकडण्यावर बंदी आली. ईरीचा निळा पाइक, वॉलायचाच भाऊबंद, एके काळी टनांनी निघायचा, तो कायमचा संपला. १९७२ ला अमेरिका आणि कॅनडाने पाण्याच्या शुद्धतेचा करार केला, कारखान्यांची आणि गावांची घाण आवरली, मासा परत आला. अलीकडे २०१५ आणि २०१८ ला तर इतकी पिल्लं जगली की त्यांच्यावर आम्ही आजतागायत जेवतोय. पण शेतांतलं खत वाहून येणं थांबलेलं नाही. ऑगस्टमध्ये पश्चिमेला पाणी हिरव्या रंगाच्या डब्यासारखं दिसतं, आणि २०१४ ला टोलेडोच्या लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी तोंडात घालू नका म्हणून सांगावं लागलं होतं. कॅप मात्र खतावर बोलत नाहीत. त्यांचा मुलगा शेती करतो.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. माहेर-सासर दोन्ही हर्णैचं. त्यांच्या घराण्यात कुणी होडी चालवली नाही, पण संध्याकाळी बंदरावर लिलावात उभं राहून मासा पारखण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने वॉलाय तळला. इथे त्याचं फार कौतुक: पांढराशुभ्र, काटा नाही, वास नाही. आई जेवल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, ‘चांगला आहे हो. आजारी माणसाला द्यायला चांगला आहे.’

इथल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचे शुक्रवार पाळून सगळे मासे खातात, हे सांगितल्यावर मात्र त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. आपण वार पाळून मासे सोडायचे आणि यांनी वार पाळून खायचे. ‘मग हे लोक कशाचा उपास करतात?’ मी म्हटलं, मटणाचा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, सोय चांगली आहे.

जुलैत त्या कॅपच्या बोटीवर आल्या. पाचवारी, वर नारिंगी लाइफ जॅकेट, हातात आल्याच्या वड्या. पहिला तासभर शांत होत्या. मग मला हळूच विचारलं, ‘नुसतं बसायचंच असतं का?’ मी म्हटलं, आई, आपण बसलेलो नाही, चाललोय. त्यांनी चहूकडे बघितलं. किनाऱ्यावरचं दीपगृह मघाशी होतं तिथेच, काडीएवढं. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं चेहऱ्यावरून लपवलंही नाही.

तेवढ्यात आतला रॉड जोरात वाकला. वॉलाय नव्हता, हे वाकण्यावरूनच कळलं. वर आला तो चंदेरी, कुबड काढलेला, जाड ओठांचा, आणि बोटीत येताच पोटातून घुर्र, घुर्र आवाज करायला लागला. इथे याला शीपहेड म्हणतात आणि कोणी खात नाही. कॅपनी काही न बोलता चिमट्याने गळ सोडवला आणि मासा परत टाकायला हात मागे नेला.

‘अहो, थांबवा त्यांना!’ आई उभ्या राहिल्या. ‘ढोमा आहे तो!’

मला वाटलं, माझी सासू मराठीत ओरडतेय म्हणून कॅप थांबले. ते थांबले, कारण चाळीस वर्षांत या माशासाठी कोणी ओरडलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि आईंचं खरं होतं. मी नंतर शोधलं. गोड्या पाण्यातला हा मासा आपल्या ढोम्याच्या आणि घोळीच्याच कुळातला निघाला. त्याच कुळाची ही घुरघुर. आईंनी तो आवाजावरून आणि ओठावरून ओळखला होता, पाच सेकंदांत. मी आठ वर्षं त्याला ‘कचरा’ म्हणून पाण्यात फेकत होतो.

घरी त्यांनी स्वतः साफ केला. आमच्या गॅरेजमधली फिले काढायची लवलवती सुरी बघून म्हणाल्या, ही सुरी आहे की फुटपट्टी? विळीशिवायच काम भागवलं. डोकं फेकू दिलं नाही. ते फोडून आत बोट घातलं आणि दोन पांढरे खडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. हस्तिदंतासारखे, नखाएवढे, एका बाजूला उमटलेली खोलगट खूण. ‘ढोम्याच्या डोक्यात खडे असतातच. लहानपणी आम्ही जमवायचो.’ संध्याकाळी कॅपना कालवण द्यायला गेलो तेव्हा खडे बरोबर नेले. त्यांनी ते बघितले, आत गेले आणि सिगारचा एक जुना डबा घेऊन आले. डबा अशाच खड्यांनी भरलेला. लकी स्टोन, म्हणाले. लहानपणी किनाऱ्यावर वेचलेले. खडा एका बाजूचा असेल तर खुणेत इंग्रजी एल दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा असेल तर जे. एल म्हणजे लक. ते कुठून येतात हे त्यांना माहीत होतं. तो मासा मात्र त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा खाल्ला, तिरफळ घातलेला, पावाबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आणताना विचारलं की ती काळी बी गिळायची होती का.

ऑगस्टमध्ये आईंच्या टोमॅटोंवर पक्षी बसायला लागले. मागच्या अंगणात त्यांनी टोमॅटो, मेथी, दोन वाफे भेंडी असा संसार मांडला होता. रॉबिन येऊन पिकायला लागलेला टोमॅटो तेवढा चोचीने फोडून जायचे. बाकीचा खायचे नाहीत, म्हणून आईंना जास्त राग. एका सकाळी त्या गॅरेजमधून रंग उडालेले पाच-सहा चमचे घेऊन आल्या. ‘जावई, याचे काटे काढून द्या. गावाकडे आम्ही सीड्या लावतो शेतात, इथे हे लावू.’

मी पक्कड घेऊन बसलो. चमच्याचा गळ काढायचा म्हणजे छोटी दुहेरी कडी उकलावी लागते. नखं तुटतात. पाच चमचे मोकळे केले, त्यातला एक मंकी प्यूक होता, ज्याच्यावर मी एका दिवसात सहा मासे घेतले होते. सहाच्या वर ठेवता येत नाहीत, म्हणून तिथेच थांबलो होतो. बायको खिडकीतून बघत होती. तिने काही मोजलं नाही.

आईंनी बांबूच्या काठ्यांना तंगूस बांधलं आणि चमचे लटकवले. मी पायरीवर चहा घेऊन बसलो. तळ्याकडून वारा येत होता. चमचे हलले, एकमेकांकडे वळले, आणि मग त्यातला तो ओकारीचा चमचा एका कुशीवर कलंडला, क्षणभर अडखळला, दुसऱ्या कुशीवर पडला, पुन्हा अडखळला. तांब्याची बाजू एकदा, रंगाची एकदा. प्रत्येक वेळी थोडा उशीर. मी चहा खाली ठेवला. हवा म्हणजे पाणी नव्हे, वजन वेगळं, ओढ वेगळी, या दोन वेगांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही फोन काढून वाऱ्याचा वेग बघितला. ताशी नऊ मैल. वही आणायला उठलो.

परत आलो तेव्हा वारा पडला होता. चमचा सरळ, मुकाट लोंबत होता, आणि एक रॉबिन कुंपणावरून खाली उतरून टोमॅटोच्या दिशेने टुणटुण निघाला होता.

‘जावई,’ आतून आईंचा आवाज आला, ‘दोरी आखूड झालीय. जरा लांब सोडा.’